मोजणं म्हणजे दखल घेणं



आजचा विषय आहे मोजणी. तुम्ही म्हणाल, यात काय नवीन? मोजण्यातच तर आपला जन्म जातो. बचतीचे पैसे, दुधाचं माप, पिठाचे डबे, पाळीची तारीख, कर्जाचे हप्ते, सगळं आपण मोजतो. पण आपल्या मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. घरात कुणी ऐकत नसेल तर आपण म्हणतो, "मला इथं मोजतंय कोण?" एखाद्या बाईला काहीच किंमत नसेल तर लोक म्हणतात, "ती कुणाच्या खिजगणतीतही नाही." म्हणजे मोजणं हे नुसतं गणित नाही. ज्याला मोजलं त्याची दखल घेतली, आणि ज्याला मोजलं नाही तो असून नसल्यासारखा.

हीच गोष्ट एका समाजाने आपल्या धर्मात फार खोलवर नेली. तो म्हणजे ज्यू, म्हणजेच यहुदी समाज. त्यांच्याकडे दिवस कसे मोजावेत, माणसं कशी मोजावीत, कुणाला मोजावं, याचा शेकडो वर्षं विचार झाला आहे. कोणता धर्म चांगला हे ठरवायला आपण बसलेलो नाही. त्यांच्या विचारातून आपल्या गटाला काय घेता येईल, एवढंच आज बघायचं आहे.

हे लोक परके नाहीत

ज्यू म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. पण आपल्या महाराष्ट्रात मराठी बोलणारे ज्यू पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. ते मूळचे कोकणातले, आताच्या रायगड जिल्ह्यातले. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बघा, आपल्या मुळाची आठवणसुद्धा त्यांनी मोजून ठेवली आहे. आणि त्यात बायकाही मोजल्या आहेत, कारण नुसत्या सात पुरुषांचा समाज पुढे चालला नसता!

कोकणात ते तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असायचा. म्हणून गावकऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं आपल्यासारखीच गावावरून पडलेली: दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर. सणांची नावंही मराठी होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाचं, म्हणजे ज्याला ते पेसाह म्हणतात त्याचं, पाठाचं पुस्तक १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलं गेलं. पुण्याच्या पुस्तकात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आणि त्यांच्या अंगावर लुगडी आहेत. नगरहून पुण्याला गेलात तर कॅम्पात विटांची एक उंच लाल इमारत दिसते. लोक तिला लाल देऊळ म्हणतात. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८६७ सालचं. ते बांधणारे डेव्हिड ससून हे बगदादकडून आलेले ज्यू होते.

१९४८ साली इस्रायल देश झाला, आणि पुढच्या काळात बरेच बेने इस्रायल तिकडे गेले. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. एवढा छोटा समाज मोठ्या आकड्यांत सहज हरवून जातो. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, म्हणजे राज्याने त्यांना वेगळं मोजलं. थोड्या माणसांना आपली मोजणी किती मोलाची वाटते, हे यावरून कळतं.

दिवस मोजण्याची साधना

आता त्यांची मोजणी बघू. सुरुवात आठवड्यापासून. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विश्रांती. हा सातवा दिवस म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत. घाणा बंद, चूल पेटवायची नाही, व्यवहार नाही. घाण्याला जुंपलेल्या जनावरालाही त्या दिवशी सुट्टी, असं त्यांच्या धर्मग्रंथात स्पष्ट आहे. या ग्रंथाला ते तोरा म्हणतात. आठवडा मोजायचा तो विश्रांतीकडे जाण्यासाठी. रविवारी कोर्ट-कचेरी बंद असली तरी आपली चूल कधी बंद असते का, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. तो तसाच राहू द्या, पुढे कामाला येईल.

दुसरी मोजणी ४९ दिवसांची. हिला ओमेरची मोजणी म्हणतात. ओमेर हे धान्याच्या मापाचं नाव, आपल्या शेर-पायलीसारखं. साधारण दोन लिटरच्या आसपास भरेल एवढं. जुन्या काळी वल्हांडणाच्या सणात नव्या जवाचं एक ओमेर माप देवाला वाहायचे आणि त्या दिवसापासून मोजायला लागायचे. सात आठवडे, म्हणजे ४९ दिवस. पन्नासाव्या दिवशी शावुओतचा सण, तेव्हा नवा गहू आलेला असायचा. म्हणजे जवाच्या सुगीपासून गव्हाच्या सुगीपर्यंतचे हे दिवस. उभं पीक शेतात आणि जीव टांगणीला, असे हे दिवस आपल्याला काही नवीन नाहीत.

पण या मोजणीला दुसराही अर्थ आहे. वल्हांडण म्हणजे त्यांचे पूर्वज मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटले, त्याची आठवण. आणि शावुओत म्हणजे सिनाय डोंगरावर त्यांना देवाचा नियम मिळाला, त्याची आठवण. मधले ४९ दिवस म्हणजे गुलामापासून जबाबदार माणूस होण्यापर्यंतची वाट. त्यांचे जाणते लोक सांगतात, की एका रात्रीत माणूस मिसरमधून बाहेर पडतो, पण माणसातून मिसर बाहेर पडायला वेळ लागतो. मनातली भीती, लाचारी, "मला काय कळतंय" ही सवय एकेक दिवसानेच सुटते. म्हणून रोज रात्री उभं राहून, आशीर्वादाचं वचन म्हणून, आज कितवा दिवस आणि किती आठवडे झाले हे तोंडाने मोठ्याने म्हणायचं. नुसतं मनात धरायचं नाही, कॅलेंडरवर खूण केली तरी भागत नाही.

यातल्या दोन गोष्टी आम्हाला विशेष वाटतात.

पहिली म्हणजे ते चढत्या क्रमाने मोजतात. सणाची वाट बघताना आपण म्हणतो, "आता पाच दिवस राहिले, आता चार." ते म्हणतात आज पहिला, आज दुसरा, आज तिसरा. उरलेलं मोजलं की मधले दिवस नुसते संपवायचे होतात. जमलेलं मोजलं की प्रत्येक दिवस पदरात पडतो. गटाची बचत आपण अशीच मोजतो ना? "दहा हजाराला अजून किती कमी" असं म्हणत बसलो तर दुसऱ्या महिन्यातच कंटाळा येईल. "आजपर्यंत किती जमले" हे म्हटलं की अंगात बळ येतं.

दुसरी गोष्ट चुकलेल्या दिवसाची. एखाद्या रात्री मोजायचं राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी उजेडी मोजून घ्यायचं, मग पुढे नेहमीसारखं चालू. पण अख्खा दिवसच, रात्र आणि दिवस दोन्ही, निसटला तर? तरी मोजणी सोडायची नाही. पुढचे दिवस मोजतच राहायचं, फक्त आशीर्वादाचं वचन म्हणायचं नाही, असा बहुतेक ठिकाणी प्रघात आहे. म्हणजे चुकलेल्या दिवसाची खूण राहते, पण माणूस मोजणीतून बाहेर पडत नाही. बैठक चुकलेल्या मैत्रिणीला गटाने कसं वागवावं, याला याहून चांगलं उत्तर आम्हाला सुचत नाही. दंड घ्या, नियम पाळा, पण तिचं नाव वहीतून खोडू नका.

या मोजणीत बायकांचं काय? वेळेशी बांधलेल्या अशा अनेक विधींची सक्ती त्यांच्या शास्त्राने बायकांवर ठेवलेली नाही. लेकरं-बाळं सांभाळणारीला वेळ कुठला, असं एक कारण सांगतात. तरी पुष्कळ जणी आपणहून ओमेर मोजतात.

आणखी एक मोजणी मात्र बाईचीच आहे. रक्तस्राव थांबल्यानंतरचे सात दिवस तिने स्वतःसाठी मोजावेत, असं तोरात आहे. विटाळाची कल्पना आपल्याला पटो न पटो, पण जुन्या पंडितांनी त्यातून काढलेला अर्थ ऐकण्यासारखा आहे. "स्वतःसाठी मोजावेत" याचा अर्थ त्यांनी लावला, की ती मोजेल तेच खरं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, दुसऱ्याने तपासणी करायची नाही. बाईच्या अंगाचा हिशोब बाईच्याच हातात. दवाखान्यात तारीख सांगताना सासूकडे किंवा नवऱ्याकडे बघणाऱ्या आपल्या सुनांना हे सांगायला हवं.

जमीन आणि कर्जाची मोजणी

जसे सात दिवस, तशीच सात वर्षं. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिलाही विश्रांती. त्याच वर्षी माणसामाणसांतलं कर्ज माफ व्हायचं. अशी सात वर्षं सात वेळा मोजली की ४९ होतात. पन्नासावं वर्ष योबेलचं. त्या वर्षी अडचणीत विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यायची आणि कर्जापायी गुलाम झालेली माणसं मोकळी व्हायची. म्हणून जमिनीचा भाव ठरवताना योबेलला किती पिकं उरली आहेत ती मोजायचे. म्हणजे विकायची ती पिकं, जमीन नव्हे.

जमिनीचे हे नियम त्यांच्या पूर्वजांच्या भूमीपुरते होते. पण मोजणीमागचा विचार कळतो. कुणी कायमचा कर्जात राहू नये आणि कुणी कायमचा मालक होऊ नये. सावकाराची मोजणी व्याज वाढवत जाते. या मोजणीच्या शेवटाला सुटका ठेवलेली आहे.

माणसं मोजायची नाहीत

आता गंमत बघा. दिवस मोजा, वर्षं मोजा म्हणणारा हाच धर्म सांगतो, की माणसं डोकी धरून मोजू नका! त्यांच्या ग्रंथात दाऊद राजाची गोष्ट आहे. आपल्याकडे किती तलवार चालवणारे आहेत हे बघायला त्याने लोक मोजायला लावले. त्याच्या सेनापतीलाही ते रुचलं नव्हतं. पुढे देशावर रोगाची साथ आली आणि राजाला पश्चात्ताप झाला. माणसं म्हणजे आपल्या ताकदीचा आकडा, असं मानणं हा अपराध, असा त्याचा अर्थ लावतात.

मग शिरगणती करायचीच झाली तर? मोशेच्या काळातली रीत सांगितली आहे. मोजणीत येणाऱ्या प्रत्येकाने चांदीचा अर्धा शेकेल द्यायचा, आणि मग शेकेल मोजायचे. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. म्हणजे दानात सगळे सारखे. आणि प्रत्येकाचा अर्धाच, कारण एकटा माणूस पुरा नसतो, दुसऱ्याबरोबर मिळून पुरा होतो, असं त्यांचे विवेचक सांगतात. मैत्रिणींनो, आपल्या गटाची बचत हीच आहे की! महिन्याला शंभर ठरले तर सगळ्यांचे शंभर. कुणाच्या दारात ट्रॅक्टर असो की कुणी रोजाने खुरपायला जावो, वहीत सगळ्यांचा आकडा सारखा. त्या शंभरात प्रत्येकीची मान वर असते. हिब्रू भाषेत शिरगणतीसाठी जे शब्द वापरले आहेत, त्यांचा शब्दशः अर्थच "डोकं वर उचला" असा होतो.

माणसांवर एक, दोन, तीन असं बोट ठेवून मोजू नये, हा संकेत ज्यू लोक आजही पाळतात. प्रार्थनेला दहा जण आले का हे बघायचं असेल तर दहा शब्दांचं एक वचन घेतात आणि एकेका माणसाला एकेक शब्द देतात. दहावा शब्द संपला की माणसं पुरी. आपल्याला याचं नवल वाटायला नको. खळ्यावर धान्य मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायची रीत आहे. जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, असं आपल्याही आज्या सांगायच्या. जे देवाचं देणं आहे त्याच्यावर मालकीचा आकडा टाकू नये, ही भावना दोन्हीकडे सारखीच.

हिब्रूत मोजणं आणि गोष्ट सांगणं हे शब्द एकाच मुळापासून आले आहेत. पुस्तकाला सेफर, गोष्टीला सिप्पूर, आकड्याला मिस्पार. मोजलेल्या प्रत्येक गोष्टीमागे एक कहाणी असते, ती विसरून मोजलं तर मोजणी वाया.

आकडा नावाला गिळतो तेव्हा

कहाणी पुसून नुसता आकडा ठेवला की काय होतं, हे ज्यू लोकांइतकं कुणी भोगलं नसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं. आउशवित्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर आकडा गोंदवायचे. नाव घ्यायचं नाही, आकड्याने हाक मारायची.

त्या राजवटीपासून पळालेले काही ज्यू भारतात आले होते. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारने भारतातल्या जर्मन माणसांना पकडून छावणीत ठेवलं. ती छावणी आपल्या नगरला होती. त्यात हे निर्वासित ज्यूही सापडले. हिटलरने त्यांना ज्यू म्हणून मोजलं आणि हाकललं, इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून मोजलं आणि कोंडलं. चौकशीनंतर त्यातल्या बऱ्याच जणांना सोडलं. कागदावरच्या एका रकान्याने माणसाचं काय होऊ शकतं, याची साक्ष आपल्याच शहरात आहे.

युद्धानंतर ज्यूंनी उलटी मोजणी सुरू केली, आकड्यातून नावाकडे. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने मारल्या गेलेल्यांची नावं एकेक करून गोळा केली. ४० लाखांहून जास्त नावं जमली आहेत. दरवर्षी स्मरणदिनी ती नावं मोठ्याने वाचतात. मेलेल्याला मोजायचं ते त्याच्या नावाने.

दहाजणांत बाई कुठे?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला कमीत कमी दहा प्रौढ माणसं लागतात. या दहांना मिन्यान म्हणतात. नऊ विद्वान असले तरी चालत नाही, दहावा साधा मजूर आला की प्रार्थना पुरी होते. एका माणसाची किंमत यात दिसते. कोकणात आणि इतरत्रही, समाज थोडा उरला तिथे हा दहावा माणूस मिळणं अवघड झालं आहे. आपला गटही दहा ते वीस जणींचा. दहावी मैत्रीण मिळेपर्यंत किती दारं वाजवावी लागतात हे आपल्यातल्या किती तरी जणींना ठाऊक आहे.

पण या दहांत जुन्या रितीप्रमाणे फक्त पुरुष मोजतात. बाई प्रार्थनेला बसते, तिची भक्ती कमी नसते, पण ती मोजणीत धरत नाहीत. गेल्या शतकात ज्यूंच्या काही पंथांनी हे बदललं. तिथे आता बायकाही मोजतात. जुन्या वळणाच्या पंथांत आजही पुरुषच मोजतात, आणि त्यावर त्यांच्यातच वाद चालू आहे.

बेने इस्रायल समाजातल्या एका बाईची ओळख इथे करून द्यायची आहे. डॉ. जेरुशा झिराड. पुण्याच्या मुलींच्या शाळेत शिकलेल्या, लंडनला जाऊन डॉक्टरकीची मोठी पदवी घेतलेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या अनेक वर्षं प्रमुख होत्या. १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यूंचा एक उदार विचारांचा धार्मिक संघ सुरू झाला. पण आम्हाला त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. बाळंतपणात बायका मरायच्या, लोक नशिबाला दोष देऊन मोकळे व्हायचे. डॉ. झिराड यांनी मुंबई शहरातल्या अशा मृत्यूंची पद्धतशीर पाहणी केली, कोण गेली आणि का गेली हे शोधलं. त्याचा अहवाल १९४१ साली छापला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज आपल्या आशाताई गरोदर बाईची नोंद करतात, एखादी माता दगावली तर त्याची कारणं तपासली जातात, हे त्याच वाटेवरचं काम आहे. जी मेली ती मोजली गेली, तरच पुढची वाचते.

पाच बहिणींनी मागितलेला हिस्सा

तोरातली एक गोष्ट तर आपल्या बैठकीत सांगायलाच हवी. जमिनीची वाटणी करायची म्हणून शिरगणती झाली. मोजले ते पुरुष. सलोफहाद नावाचा माणूस वारला होता, त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. मोजणीप्रमाणे त्या घराला जमीन मिळणार नव्हती. या पाच जणी मोशेपुढे, सगळ्या पुढाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला हिस्सा द्या, असं म्हणाल्या. मोशेने देवाला विचारलं. देवाने सांगितलं, की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना जमीन मिळाली आणि कायदाच बदलला. पुढे लग्न आपल्याच वंशात करा अशी अट आली, म्हणजे सगळं काही सरळ झालं नाही. पण एवढ्या जुन्या ग्रंथात या पाच जणींची नावं एकेक करून लिहिली आहेत, पुन्हा पुन्हा लिहिली आहेत.

आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला आणि देशभरासाठी तो २००५ साली झाला. कायदा आला, पण सातबाऱ्यावर नाव किती जणींचं आहे? हक्कसोडपत्रावर सही करून भावाकडून साडी-चोळी घेऊन परत आलेल्या बहिणी आपल्या प्रत्येक गटात आहेत.

आता आपली मोजणी

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. बाई पहाटे उठून भाकरी थापते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पण वहीत ती अर्धी, आणि उचल सहसा नवऱ्याच्या हातात. अर्ध्या शेकेलची गोष्ट आठवा. तिथे अर्धा सगळ्यांचा होता, आणि तो मानाचा होता. इथला अर्धा बाईला नवऱ्याच्या नावात बुडवून टाकतो.

घरातल्या कामाचंही तेच. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, कोण कशात किती वेळ घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. तरी "बायको काय करते?" म्हटलं की उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते."

पुढची जनगणना २०२७ ची आहे. मोजायला माणूस दारात येईल. तेव्हा आपलं नाव आपण सांगायचं. कामाचं विचारलं तर शेतातलं, गोठ्यातलं, शेळ्या-कोंबड्यांचं, शिवणाचं जे काम आपण खरंच करतो ते सांगायचं. "काही नाही" हे उत्तर द्यायचं नाही. घरात मुलगी असेल, दिव्यांग माणूस असेल, म्हातारी सासू असेल, कुणी सुटता कामा नये.

आणि एक छोटं काम आम्ही या भागाबरोबर देतो आहोत. सात आठवडे, ४९ दिवस. वहीचं एक पान घ्या. रोज रात्री, दिवसाचा आकडा चढत्या क्रमाने घाला, आणि त्यापुढे त्या दिवशी आपण केलेलं एक काम लिहा, ज्याची घरात कुणी दखल घेतली नाही. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या, त्यालाही कळेल. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी पुढचा आकडा घाला, वही बंद करू नका. सात आठवड्यांनी बैठकीत प्रत्येकीने आपलं पान वाचायचं. वाचताना गटात कुणी "सदस्य क्रमांक आठ" असं म्हणायचं नाही. नाव घ्यायचं, स्वतःचं, पूर्ण.

पुढच्या भागात सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायला कोणते कागद लागतात, तलाठ्याकडे अर्ज कसा करायचा, ते बघू. तोपर्यंत तुमच्या गटात बैठकीला न येणारी जी दहावी, अकरावी मैत्रीण आहे, तिच्या दारी एकदा जाऊन या. नमस्कार!